मूळ पावती

केपेच्या मामलेदार कचेरीत, वरच्या मजल्यावर,
जिन्यापाशी पाण्याचा कूलर गळतो तिथं माझं टेबल.
माझ्याकडे दरांचा तक्ता आहे.
काजू फळता: इतके. काजू न फळता: इतके.
भिरंड. फणस. माड नसल्यास रेघ मारावी.
सागाला दर नाही, साग सरकारचा.
सागाआधी तिथं काय होतं
हा रकाना छापखान्यातच राहिला असावा.

देवगी वेळीप दोन बसगाड्या बदलून आली.
कमरेला गाठ, गाठीत पिशवी,
पिशवीत कागद, घडीवर घडी,
घडीच्या रेघेवर इतका विरलेला
की पलीकडचा माझा हात दिसावा.
पोर्तुगीज शिक्का. खाली जांभळा अंगठा.

मला ती भाषा येत नाही.
खालच्या नोटरीकडे बसणारे फर्मिन बाब वर आले,
भिंग लावून, बोट सरकवत वाचत गेले:
राखीव रानात विनापरवाना कुमेर जाळून पेरल्याबद्दल
गोपो वेळीप यास दंड
तीन रुपये आठ तंगा. भरला.
मग भिंग पुसत म्हणाले,
घ्या. सरकारनं स्वतःच लिहून दिलंय,
तो तिथं पेरत होता.

लेखी पुरावा आणा, असं आम्ही पाचदा कळवलं होतं.
तिनं डोंगरावर नेऊन खळं दाखवलं होतं,
नाचणी मळून मळून गुळगुळीत झालेलं,
मधोमध मेढीचं भोक.
पंचनाम्यात मीच लिहिलं होतं:
एक सपाट दगड आढळला.

आणि आता हा कागद.
चोर म्हणून नोंदलेला माणूस
त्याच नोंदीनं मालक निघाला.

मी रक्कम वाचून दाखवली. बरी होती.
साहेब म्हणतात, इतकी या तालुक्यात कुणाला मिळाली नाही.
तिनं ऐकलं. मग विचारलं,
"आनी दंड?"
मी हसलो.
ती हसली नाही.
"दंड आमचो. पयलीं तो परत दी."

जेवणाच्या सुट्टीत डबा उघडा ठेवून मी हिशेब मांडला.
तीन रुपये आठ तंगा. व्याज कुठल्या सालापासून?
कुठल्या तिजोरीतून?
दंड घेणारं सरकार आगबोटीनं गेलं,
रानाची हद्द मात्र गेली नाही,
ती आमच्या नकाशात आहे, हिरव्या शाईत,
दोनदा गिरवलेली. दुसऱ्यांदा आम्ही.
आणि दंड भरायला गोपोनं बियाणं विकलं होतं,
राखेतच उगवणारी लाल नाचणी, तीन पायल्या,
असं ती जाता जाता बोलली.
पुढच्या साली पेरायला नव्हतं.
त्यापुढच्या साली तो दुसऱ्याच्या कुळागरात पोफळीवर चढत होता.
याचा दर
तक्त्याच्या मागच्या पानावरही नाही. मी पाहिलं.

कलम सात: रक्कम उचलण्यापूर्वी
मूळ दस्तऐवज जमा करावा.
मी हात पुढे केला.
तिनं कागदाची घडी घातली, जुन्याच रेघांवरून.
म्हणाली, झेरॉक्स घे.
कोपऱ्यावरच्या दुकानात स्वतः जाऊन आली,
दोन रुपये दिले, सुटे.
झेरॉक्सवर अंगठा काळा आला होता.

मी समजावलं: आई, धनादेश तयार आहे,
मूळ प्रत फाइलीत सुरक्षित राहील.
(फाइली कशा राहतात ते मला ठाऊक आहे.
खालच्या खोलीत वाळवी आहे.)
ती म्हणाली, तुम्ही दिलं
ते तुमच्या वहीत राहील.
तुम्ही घेतलं होतं, ते कुठं राहील?

चारची बस होती. गेली.

फाइल माझ्याकडे आहे.
त्रुटी: मूळ कागद नाही.
शेरा या रकान्यात मी लिहिलं:
अर्जदार पैसे घेण्यास तयार, पावती देण्यास नाही,
आणि अर्जदाराचं म्हणणं मला योग्य वाटतं.
साहेबांनी शेवटच्या ओळीखाली लाल रेघ ओढली,
विचारलं, हे कुठल्या नियमात बसतं?
अजून उत्तर दिलेलं नाही.
उद्या पुन्हा विचारतील.