त्नीर

संध्याकाळी साडेपाचला दाराशी चार जोड चपला
आणि स्वयंपाकघरातल्या टेबलावर दहावीचं फ्रेंच.
संस्कृतपेक्षा सोपे मार्क पडतात म्हणून घेतलेली भाषा.
मीही तेवढ्यासाठीच घेतली होती, शहाऐंशी साली.
पॅरिस मी पाहिलेलं नाही.
मुगभाटातून निघून चर्नी रोडचा पूल ओलांडला
की समुद्र लागतो,
परदेश तिथूनच सुरू होतो, असं मुलांना सांगते.

आज त्नीर.
फळा नाही. फ्रिजच्या दारावर लिहिते, पुसता येणाऱ्या पेनाने.
त्नीर म्हणजे धरणे.
दुकान 'धरणे', म्हणजे चालवणे.
शब्द 'धरणे', म्हणजे पाळणे.
(आपण शब्द देतो. धरतो तो दुसऱ्याला, शब्दात.)
त्नीर बों: तग धरणे.
केया कोठारे मान वर करते, बाई, इथे आपलंही धरणेच?
हो गं. आपण तरी काय काय धरतो,
अबोला, उपास, बाळसं, आंब्याने मोहोर,
आणि काहीच हाती लागत नसलं की
पालिकेच्या दारात नुसतं धरणं.

ओजस तांडेलची वही.
माझगावच्या कोळीवाड्यातून बसने येतो,
वहीला मासळीचा नाही, डिओचा वास.
वाक्य होतं: माझा आईवर जीव आहे.
त्याने लिहिलंय, ज तियँ मा मॅर.
मधला आ राहिला, ओजस.
ज तियँ आ मा मॅर.
आ गाळलास तर तू तिला नुसतं धरलंयस,
बाजारातून येताना पिशवी धरावी तसं.
आणि आ-च्या जागी द घातलास
तर तू आईच्या वळणावर गेलास.
केवढंसं अक्षर.
बोर्ड अर्धा मार्क कापतं.

आतल्या खोलीत चेंडू पडल्याचा आवाज.
पिवळा, मऊ,
जयवंतच्या डाव्या हातासाठी फिजिओवालीने दिलेला.
हा माणूस एकतीस वर्षं गोदीत क्रेनवर होता.
वीस-वीस टनांची खोकी हवेत धरून ठेवायचा
आणि खाली लोक निवांत विडी पेटवायचे.
फेब्रुवारीपासून चेंडू.
धरा काका, ती पोरगी म्हणते. आता सोडा. धरा.
सोडणं त्याला लगेच जमतं.

मी उठत नाही. क्लास चालू आहे, फी घेतलेली आहे.
चेंडू उंबरठ्यावरून घरंगळत टेबलाखाली येतो,
ओजसच्या पायाशी थांबतो.
तो उचलतो, माझ्याकडे न बघता आत जातो.
ऐकू येतं:
तियँ.

हे मी अजून शिकवलं नव्हतं.
पुढच्या मंगळवारी होतं:
तियँ, म्हणजे हे घे. हे धर.
आणि तियँ, नवल वाटलं तर. अगंबाई. अरेच्चा.
उच्चार एकच, संदर्भावरून ओळखायचा.
कुठल्या मोबाइलवर ऐकलं असेल त्याने,
की नुसतंच वहीतलं रूप हाताला लागलं ते दिलं.

थोडा वेळ काहीच नाही.
वरच्या मजल्यावर कुकरची शिट्टी.
मग परत चेंडू पडल्याचा आवाज,
आणि माझ्या शिकवण्यांपायी चौतीस वर्षं
ज्याला संध्याकाळचा चहा उशिरा मिळाला
तो जयवंत,
अर्ध्या ओठातून, घसरत घसरत,
ति... याँ, म्हणतो.
कुठल्या अर्थाने, ते संदर्भावरूनही कळत नाही.

ओजस येऊन बसतो. वही ओढतो.
आ घालतो, पण मॅर-च्या पुढे.
मी लाल पेन उचलते
आणि उचललेलंच राहतं.

बाई, केया विचारते,
ज तियँ, मग पुढे?

आ, मी म्हणते.
पुढे आ.