खोलीचं तापमान

उन्हाळी जादा तासाला लोचना घुगे
मोबाईल पुढे धरूनच आत शिरली,
"सर, सापडलं! रोध शून्य.
तेही खोलीच्या तापमानाला!"

कुणाच्या खोलीच्या, मी विचारलं.
परभणीत आज चव्वेचाळीस आहे,
आपल्या पत्र्याखाली अजून दोन धर.

ती हसली नाही.

पडद्यावर तुरीच्या डाळीएवढा काळा खडा
चुंबकावर तरंगत होता.
तरंगत म्हणजे, एक कड वर
आणि दुसरी टेकलेली,
बाजेवरून उठावं का नाही
हे न ठरलेल्या माणसासारखी.

"टेकलीय की गं."
"थोडीशीच, सर."

खाजामियाँनी कपाळावरचा चष्मा खाली घेतला,
एकतीस वर्षं प्रयोगशाळेच्या किल्ल्या त्यांच्या कमरेला.
"लोखंडाचा कीस बी उभा ऱ्हातो, बाई,
म्हणून काय तो पीर झाला?"

मी तिला सांगितलं नाही,
एकोणनव्वद साली विद्यापीठाच्या तळघरात
मलाही शून्य सापडलं होतं.
रात्रीचे पावणेदोन. द्रव नायट्रोजन संपलेला,
नमुना तापत चाललेला,
आणि काटा मात्र शून्यावर गाढ झोपलेला.
सायकल हाणत औरंगपुऱ्यात गेलो,
बंद हॉटेलचं शटर वाजवून चहा मागितला,
आईला पत्र लिहिलं:
आता तारा तापणार नाहीत.
चार तास मी तो माणूस होतो.

सकाळी पिंगळीकर मॅडमनी भिंग धरलं,
काही न बोलता टाचणीनं एक तार हलवली.
चांदीचा लेप वाळून सुटला होता.
काही जोडलेलंच नव्हतं,
म्हणून काही दिसत नव्हतं.

पत्र मात्र पोचलं होतं.
दुरुस्तीचं पत्र मी कधीच लिहिलं नाही.

"मग हे खोटंच का, सर?"
खोटं म्हणत नाही मी.
चारी तारा तपासू देत,
प्रवाह उलटा करून बघू देत,
दुसऱ्या गावात, दुसऱ्या कुणाला,
ज्याला हे खरं व्हावं असं मुळीच वाटत नाही,
त्याला दिसू दे शून्य.
"आणि तोवर?"

तोवर लाईट गेली.
पंखा आपल्याच जोरावर तीनचार फेरे फिरला.
खाजामियाँनी मेनच्या वायरला
उपडा हात लावून पाहिला,
"गरम," म्हणाले, आणि हात झटकला.

लोचनानं व्हिडिओ पुन्हा पहिल्यापासून लावला.
आणि मी, खरं सांगायचं तर,
तिच्या खांद्यावरून वाकून
त्या टेकलेल्या कडेखाली
फट शोधत होतो.