खालची पापणी

औंधच्या जनावरांच्या दवाखान्यात
माझं टेबल खिडकी आणि फ्रिजच्या मधे.
फ्रिजवर कागद चिकटवलाय : जेवणाचे डबे ठेवू नयेत.
आत नळ्या, जांभळ्या बुचांच्या,
बाणेरची म्हातारी लॅब्राडोर, बोपोडीचा वरातीचा घोडा,
सूसच्या पोल्ट्रीतली बारा नंबरची कोंबडी.

कोंबडीच्या तांबड्या पेशीत मधोमध केंद्रक असतं,
बाहेर पडताना घराची किल्ली कनवटीला लावावी तसं.
मेंढीची पेशी, घोड्याची, माझीसुद्धा,
मज्जेतून निघतानाच ते टाकून देते.
तेवढीच जागा प्राणवायूला.
मग तिला दुरुस्ती नाही, लेकरं नाहीत,
नुसतं वाहणं आणि एक दिवस प्लीहेत विरघळणं.
पंधरा वर्षांपूर्वी परीक्षेसाठी पाठ केलं होतं हे,
चार मार्कांना.

दुपारी धुळा कोळेकर आला, खांद्यावर मेंढी.
कळप कोकणातून वर चढून
राम नदीच्या कडेला बसलाय,
दोन टॉवरांमधल्या अजून न विकलेल्या प्लॉटात.
"कवळी हिचं नाव. जबड्याखाली पाणी उतरलंय,
चार पावलं चालती आन् बसती."

मी केसाएवढी नळी भरली, यंत्रात ठेवली,
पाच मिनिटं गरगर.
खाली तांबडं बसलं, शंभरात चौदा.
त्यावर पांढऱ्या पेशींची रेघ,
दिसेल न दिसेल अशी, लढणाऱ्यांची.
वरचं सगळं फिकट पिवळं पाणी :
मीठ, साखर, कालचं गवत,
आणि अल्ब्युमिन, जे पाण्याला शिरेत धरून ठेवतं.
तेच आटलं होतं.
म्हणून पाणी जबड्याखाली जाऊन बसलं होतं.

"चौदा," मी म्हटलं.
धुळा म्हणाला, "व्हय, ताकावानी झालीय."
त्यानं अंगठ्यानं कवळीची खालची पापणी ओढून दाखवली.
"डाळिंबी असली का बरी. विटकरी असली का बघावं.
ताकाची झाली का खांद्यावर घ्यावं."
माझ्या यंत्राला वीज लागते,
त्याला उजेड पुरतो.

काच रंगवली. भिंगाखाली पेशी विरळ,
लग्न लागून गेल्यावर मांडवात उरतात तेवढ्या.
चौथ्या पोटात जंत असणार, दोऱ्यासारखे, पीळ घातलेले,
रोज थेंब थेंब पीत बसलेले.
काच सरकवली.
मग एक पेशी जराशी मोठी, आत निळे ठिपके.
अजून एक. तिकडे आणखी दोन.
कच्च्या होत्या, घाईने पाठवलेल्या,
पण मज्जा जागी होती,
हाडांच्या आत कुणीतरी रात्रपाळी करत होतं.

"कधी निघालात घरून?"
"दिवाळी करून. फलटणच्या अंगानं."
मी बोटं मोजली.
मेंढीची पेशी जगते चार-पाच महिने.
म्हणजे घरून निघालेलं रक्त
केव्हाच वाटेत संपलंय.
हे सगळं रस्त्यावर झालेलं,
ताम्हिणीच्या घाटात, माणगावच्या कापलेल्या भातात,
पाषाणच्या कचऱ्याशेजारच्या हरळीत.
हे त्याला सांगावंसं वाटलं.
तो औषधाच्या बाटलीवरचं माप बघत होता,
म्हणून नाही सांगितलं.

जाताना म्हणाला,
"बाई, तुमी बी जरा फिकट वाटताय.
राग मानू नका, सवय हाय बघायची."
आणि गेला, कवळी खांद्यावर,
फाटकाजवळच्या रिक्षावाल्यानं नाही म्हटल्यावर चालतच.

हात धुताना बेसिनच्या आरशात
मी खालची पापणी ओढली.
आरसा जुना, वरची ट्यूबलाइट फडफडणारी,
त्यात डाळिंब काय आणि वीट काय.
इतकी वर्षं रोज तीस-चाळीस जणांचं रक्त मोजते,
माझं शेवटचं कुणी मोजलं
तर धाकट्याच्या वेळी, ससूनमध्ये.
तो आता नववीत आहे.

उद्या माझी एक नळी फिरवून बघेन म्हणते.
नाव काय घालायचं नोंदवहीत,
आणि जातीच्या रकान्यात काय,
तेवढं ठरवायचं राहिलंय.