शुक्रवारची वही

हेरंबकडे एक वही आहे, निळ्या पुठ्ठ्याची.
तिच्यात मनामातल्या न्याहाऱ्यांचे गुण,
दहापैकी, कापलेल्या अर्ध्या गुणाचंही कारण देऊन.

मुहर्रकच्या गल्लीत, पत्र्याच्या टेबलावर
बलालीत आलं तेव्हा तो दचकलाच:
गोड शेवया, केशर, वेलदोडा
आणि वरून ऑम्लेटची गोधडी.
"पंगतीत वाढप्याचा गोंधळ झालाय," म्हणाला.
मग दुसरा घास. मग गप्प.
साडेआठ.
अर्धा माशीचा कापला, एक मी कापायला लावला,
उगाच, तो फार खूश दिसत होता म्हणून.

गुदैबियातला डोसा: सात. चटणी कालची.
बुदैयाच्या शेतकरी बाजारात, हिवाळ्यातल्या शनिवारी,
तव्यावरून थेट हातात आलेला खुब्झ,
त्यावर महयावा, माशाचा काळपट, उग्र रस.
"आपल्या सुकटीची सासरी गेलेली बहीण," मी म्हटलं.
नऊ. त्या पानावर अजून तेलाचा डाग आहे.

अदलियातल्या कॅफेत पाव करपलेला, अंडं अर्धकच्चं,
अव्होकाडोचा हिरवा लेप.
बिल बघून हेरंबने चष्मा पुसला,
पुसून पुन्हा बघितलं.
चार. तेही खुर्च्यांना.

मग लग्नाच्या वाढदिवसाला
जुफेअरच्या हॉटेलातला ब्रंच,
माणशी अठरा दिनार, बारा ते चार.
आदल्या रात्रीपासून आम्ही कोरडे.
वसुलीच्या बेताने खात होतो, चव मागून येईल म्हणत.
तिसऱ्या फेरीला माझी ताटली उचलायला जो हात आला
त्याच्या मनगटावरचा लाल दोरा ओळखीचा निघाला:
आमच्या इमारतीच्या तळमजल्यावरचा खिमानंद,
जिन्यात भेटला की पाण्याचा बाटला वर चढवून देणारा.
इथे तो "मॅडम" म्हणाला. मी "अरे" म्हणाले.
दोघं ओशाळलो. जास्त कोण, ते ठरलं नाही.

हेरंबला कुठे काय बोलावं कळत नाही.
"तुझी आवडती जागा कुठली रे, शुक्रवारची?"
खिमानंद ताटल्या हातावर रचत हसला.
"सात वर्षं झाली, साब, शुक्रवारी मी इथेच.
माझा शुक्रवार मंगळवारी येतो."

त्या दिवशी वही उघडली नाही.
पुडिंग तसंच राहिलं, आणि आम्ही अडीचलाच उठलो.

मंगळवारी दोघांनी अर्धी रजा टाकली.
कारण: घरगुती.
मुहर्रक, तेच पत्र्याचं टेबल,
माशीही बहुधा तीच.
खिमानंद इस्त्रीचा शर्ट घालून आला, गळ्याचं बटण लावून.
गल्ल्यावरचा म्हातारा कुणालाही हाक मारी
आणि हा अर्धा उठे, मग आठवून बसे.
त्याने ऑम्लेट उचलून बाजूला ठेवलं,
शेवया वेगळ्या खाल्ल्या.
"आमच्या बागलुंगला असं एकत्र नाही करत."
"देवरुखलाही नाही," हेरंब म्हणाला,
आणि दोघं असे हसले, जणू म्हाताऱ्याला पकडलंय चोरी करताना.

चहा संपेपर्यंत आमच्या ताटल्या
एकात एक गेलेल्या, वर चमचे आडवे.
कधी रचल्या, त्याचं त्यालाही कळलं नव्हतं.
हेरंबने वरची ताटली उचलून परत त्याच्यापुढे मांडली
आणि आणखी एक बलालीत मागवलं.

मग वही काढून सरकवली. "आज तू दे."
त्याने पेन बराच वेळ धरून ठेवलं,
मग शाळकरी, गोल अक्षरात लिहिलं:
चिया अलि गुलियो।
गुणांचा रकाना कोराच.

अर्थ मी नंतर जिन्यात विचारला.
चहा जरा गोड झाला होता, इतकंच.
हेरंबला अजून सांगितलेलं नाही.
तो ते पान उघडतो अधूनमधून,
आणि समजतो, दहा.