दिवस बुडायच्या आत

आमच्याकडे ऋतू कुकर सांगतो.
ज्येष्ठात पहिली शिट्टी सव्वासहाला,
दिवाळी सरली की पाचच्या पुढं जाऊन चालत नाही.
अण्णा सोप्यात बसून समोरच्या भिंतीवरचं ऊन बघतात,
ते चढत चढत खुंटीला टेकलं की म्हणतात,
"चंदना, ताटं घे."
ताटं चार आणि एक वाटी.
वाटी सन्मतीची,
कारण ताट दिलं की तो ताटात बसतो.

उन्हाळ्यात बरं असतं.
सात वाजत आले तरी पोरं अंगणात कोयी चोखत,
कोपरापर्यंत रस.
चंदना सूर्याला म्हणते, थांब की जरा, एक कोय राहिलीय,
आणि तो थांबतोसुद्धा.

श्रावणात चार-चार दिवस तो दिसतच नाही.
मग भरतेश मोबाइलवर बघून सांगतो, सहा छप्पन्न.
अण्णांचा ढगांवर विश्वास नाही, मोबाइलवर त्याहून नाही,
ते दहा मिनिटं कापून घेतात
कट्टी कापणाऱ्या व्यापाऱ्यासारखी.
पालेभाजी बंद, डब्यात रोज उसळ.
"आई, मटकीला पण माझा कंटाळा आला असंल,"
दप्तर पाठीवर, ओले मोजे हातात,
एवढं बोलून ती शाळेला जाते.

खरी धावपळ कार्तिकापासून.
पतसंस्थेतून पाचला सुटायचं,
पाच-दहाची समडोळी गाडी,
आणि गाडीच्या पुढं ऊस.
एका ट्रॅक्टरला दोन ट्रॉल्या, मागं लाल फडकं,
टेपचा आवाज असा की हॉर्न ऐकू जात नाही.
खिडकीतून तो हळदीच्या रानावर उतरत असतो,
आणि मी पर्स मांडीवर घेऊन
मनातल्या मनात कणीक मळत असते.
सकाळीच चपात्या लाटून ठेवल्या तर
सन्मती गार चपाती हातात धरून माझ्याकडे बघतो,
सूर्य मीच लवकर बुडवल्यासारखा.

मार्गशीर्षात एकदा ट्रॉली कलंडली.
रस्ताभर ऊस. माणसं मोळ्या ओढतायत,
कुणी एक कांडं मोडून खात उभं.
घरी आले तेव्हा चांदण्या होत्या.
अण्णांनी चंदनाला दूधभात घातलेला,
भाताला बूड लागलेलं.
सन्मती तसाच झोपलेला, न जेवता.

साडेनवाला उठला. भूक, भूक.
मी थोपटत राहिले. सकाळी देते हं,
सकाळ होईल हं आता.
खोटं बोलताना हात जास्त जोरात थोपटतो.
तेवढ्यात स्वयंपाकघरात लायटर वाजला,
दोनदा, तिसऱ्यांदा लागला.

अण्णा. डोक्याला कानटोपी.
दिवा न लावता दूध तापवत होते,
दिवा लावला तर रात्र होईल अशा बेतानं.
पोराला मांडीवर घेतलं, वाटी फुंकली,
निळ्या आचेच्या उजेडात चमचा चमचा.
मी दारात दिसले तशी मान खाली घातली.
"त्याला कुठं कळतोय अजून सूर्य," म्हणाले,
पातेल्याला म्हणाल्यासारखं.

मला काही विचारलं नाही.
मीही पाण्याला हात लावला नाही.
पण सकाळी उजाडलं तर
चुलत्याच्या कोंबड्यांआधी अण्णा उठलेले
आणि माझा चहा झाकून ठेवलेला,
साखर दुप्पट.

आता माघ चाललाय.
चंदनाला शाळेत सावल्यांचा धडा आहे,
रोज पाचला ऊन भिंतीवर असेल तिथं
ती पेन्सिलनं रेघ मारते.
आधी अण्णा रागावले, भिंत खराब होते म्हणून.
परवा तेच पट्टी धरून उभे.
रेघ रोज पावअर्धं बोट खाली सरकते,
म्हणजे दिवस वाढतोय, असं तिनं मला फाटकातच सांगितलं,
"आई, पळू नको. बारा मिनिटं आहेत अजून."

कणीक मळलेली नव्हती, भाजी चिरायची होती.
तरी त्यातली दोन मिनिटं
मी चपला न काढता
पायरीवर बसून खर्च केली.