चौकोनी कंसात

ऐरोलीला सातव्या मजल्यावर माझं काम असं :
ज्यांना ऐकू येत नाही त्यांच्यासाठी
सिनेमातले आवाज लिहायचे.
[दार वाजतं] [कुत्रं भुंकतं] [लांबवर ट्रक]
ओळीला बेचाळीस अक्षरं, त्याहून जास्त नाही.

आज कोळशाच्या खाणीत एक माणूस मेला.
डोंगरातलं गाव, लाकडी ओसरी,
ओसरीवर त्याची बायको मटार सोलत बसलेली.
तिला अजून कुणी सांगितलेलं नाही.
आणि मागे बँजो.
यादीत लिहिलंय ब्लूग्रास.
पाच तारा, थांबायला तयार नसलेली बोटं,
पत्र्यावर कुणी मुठीमुठीनं दाणे टाकावेत तसं.
मग फिडल घुसतं, तिरकं,
आणि एक पुरुष चढ्या पट्टीत, नाकातून गातो,
रात्रीच्या डोंगरात हरवलेलं जनावर
हाका मारून शोधावं तसा.

मी लिहिलं : [बँजो वाजतो]
आणि खोडलं.

कारण आमच्या घणसोलीत तो बेंजो,
टाइपरायटरची बटणं बसवलेला डबा,
आणि डब्यामागे बाबा,
हरेश्वर मढवी, हळदीच्या ऑर्डरी घेतल्या जातील,
संपर्क : पानाची टपरी.
दिवसा पारसिकच्या डोंगरात खडी फोडायची, रात्री हळद.
काशिनाथकाका सुरुंगात गेला,
त्याच्या दहाव्याच्या दुसऱ्या दिवशी
बाबांची तळवलीला सुपारी होती.
वाजवली.
माणसं पहाटे तीनपर्यंत नाचली.
मी विचारलं, जमलं कसं तुम्हाला?
बटणांवरची हळद पुसत म्हणाले,
"हात रडत नाय गो. हात नुसतं धावतान."

हेडफोनमध्ये तो माणूस गातोच आहे.
शब्द मला निम्मेच लागतात.
दिग्दर्शकानं बायकोला रडू दिलेलं नाही,
सगळं तारांवर टाकून मोकळा झालाय.

[जलद बँजो] : वेग आला, माणूस मेलाच नाही.
[करुण संगीत] : हे कुठल्याही मयताला चालेल.
[उदास, पण धावतं] :
येवलेकर सर म्हणतात, भावना लिहू नका, वाद्य लिहा.

शेवटी लिहिलं : [बँजो, घाईत]
आणि सहा सेकंद पडद्यावर राहू दिलं.
नियमानं दोनच चालतात.
गाणं संपलं, दार वाजलं, ती उठली,
तरी खाली ते तसंच.
वाचणाऱ्याला वाटेल,
काढायला विसरले.