दिवसाआड

सोमवारी केली तर बुधवारी.
बुधवारी नाही जमली तर गुरुवारी, पण मंगळवारी नाही.
मंगळवारी गळ्यावर मोहरीएवढे लाल दाणे असतात
आणि शर्टाची कॉलर कानस होते.

हे साधं गणित मला एकतीस वर्षं सुटलं नाही.
उद्यमनगरात लेथवर जॉबचा केसाएवढा फरक
मी नखानं ओळखतो,
पण स्वतःच्या हनुवटीची खरखर
रोज सकाळी चूक समजून खरडत राहिलो,
वरून खाली, मग उलट्या हातानं खालून वर,
गाल काचेसारखा लागेपर्यंत.
दुपारी घामाचं मीठ त्यात शिरायचं
आणि मी मान वाकडी करून मशीनवर उभा.
पोरं कुजबुजायची, मिस्त्री आज तापलेत.

तापलो नव्हतो. नुसता जळत होतो.

घरचंच वळण ते.
आण्णा एस.टी.त कंडक्टर,
रंकाळा स्टँड ते गगनबावडा, पहाटेची पहिली गाडी.
साडेचारला मोरीतल्या पिवळ्या बल्बखाली
पितळी वाटीत साबणाचा फेस,
हवा भरून फुगवलेला गाल,
आणि खर्र, खर्र. तो आमचा गजर.
सबंध नोकरीत एक नागा नाही.
म्हणायचे, दाढी वाढलेल्या माणसाकडनं
लोक तिकीट घेतात,
पण सुट्टे मागताना आवाज चढवतात.

मग गंगावेशीत, दिवाळीच्या तोंडावर,
तातोबा संकपाळांनी माझी मान दिव्याकडं वळवली.
आदल्या दिवशीच पाडव्यासाठी
कुणाची तरी म्हैस भादरून आले होते.
"तिला बी वर्सातनं एकदा भादरत्यात, भावा,
आनि वरनं त्याल चोळत्यात.
तू रोज भादरतोयस. वरनं काय लावतोस?"
मी म्हणालो, आफ्टरशेव्ह. झोंबतं ते.
ते हसले नाहीत.
बोटानं गळ्यावरचं रान चाचपत गेले:
हितं केस खाली निजलाय, हितं आडवा,
कंठाच्या डावीकडं तर भोवरा हाय.
"ऊन पाण्यानं भिजू दे आदी.
भिजल्याबिगर हरभऱ्याची उसळ हुती व्हय?
मग केसाच्या कलानं जा. एकदाच जा.
ऱ्हायलं तर ऱ्हाऊ दे.
आनि उद्या नगो. परवा."

परवा.
इतका लहान शब्द, आणि मला तो
आळशीपणाचा वाटत आला होता.

यंदा मार्गशीर्षात आण्णांचा उजवा हात ऐकेनासा झाला.
खुर्चीत बसवलं, पिळलेला टॉवेल गालांवर ठेवला,
ब्रश गोल फिरवला,
आणि जबड्याखालची सैल कातडी
अंगठ्यानं ताणली तेव्हा दिसलं:
पांढरे बारीक व्रण,
आत वळून तिथंच म्हातारे झालेले केस,
ओळीनं, दाट,
तिकिटाला पंचानं पाडलेल्या भोकांसारखे.
एकेक पहाट तिथं टोचलेली.

माझी कातडी आईकडची, असंच घरात ठरलं होतं.

"दुखायचं?" मी विचारलं.
फेसातून ओठ हलले.
"गाडी सुटायची न्हवं का."

आता आमच्या दोघांची दाढी एकाच दिवशी.
दिवसाआड, नळाच्या पाण्यासारखी,
थंडीत कातडं उललं तर दोन दिवस सोडून.
ब्लेड ज्याचं त्याचं. खोबरेल एकाच बाटलीतलं.
लग्नकार्याला जायचं असलं की मागून मोजत येतो
आणि कधी कधी मोजणी चुकतेच,
मग खुंटासकट जेवून येतो.
कुणी काही म्हणालेलं नाही अजून.

मधल्या दिवशीही आण्णा साडेचारला जागे होतात.
डाव्या हातानं गाल चाचपल्याचा आवाज येतो.
आज नाही, मी अंधारातून सांगतो.
आज न्हाई, तेही म्हणतात,
आणि हात तसाच गालावर ठेवून
पडून राहतात.